फादरची माय

अमडापूरच्या बाजारातून निघालेली टमटम कोथळखेडच्या फाट्यावर थांबली, की उतरणाऱ्याला आधी चर्चचा क्रूस दिसतो आणि मग त्याच्यामागचं पत्र्याचं लांबट घर. त्या घरात फादर पास्कल दुशिंग एकटे राहत. वय पन्नाशीच्या पुढं, अंग सडसडीत, आवाज मोठा. मोटरसायकल जुनी असल्यामुळं ते येत असल्याचं गावाला आधीच कळायचं.

बाहेरच्या लोकांना सगळे फादर सारखेच वाटतात. पण त्यांच्यातही दोन तऱ्हा आहेत. संघातले फादर चार-सहाजण मिळून एका छताखाली राहतात, घंटा वाजली की एका पंगतीला बसतात, आणि एखाद्याला ताप आला तर दुसरा त्याच्या उशाशी बसतो. पास्कल दुसऱ्या तऱ्हेचे, म्हणजे धर्मप्रांताचे. बिशपस्वामी पाठवतील त्या गावी जायचं आणि तिथलं घर उघडून एकट्यानं राहायचं. लग्न करणार नाही आणि बिशपांचा शब्द मोडणार नाही, एवढं वचन त्यांनी तरुणपणी दिलेलं. घरच्यांना सोडीन असं वचन कुणी मागितलं नव्हतं. घर मात्र न मागताच सुटत गेलं होतं.

रविवारी सकाळी कोथळखेडची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की पास्कल कप, पुस्तक आणि झगा पिशवीत भरून आणखी दोन गावांना जात. तिथं चर्च नव्हतं. कुणाच्या तरी अंगणात टेबल मांडायचं, त्यावर धुतलेली चादर टाकायची आणि मिस्सा करायची. इतर दिवशी प्रार्थनेपेक्षा दुसरीच कामं जास्त असत. कुणाच्या पोरीचा शाळेत दाखला अडलाय, कुणाला बुलडाण्याच्या दवाखान्यात न्यायचंय, दोन भावांत बांधावरून बोलणं बंद झालंय. लोक येत, काम सांगत आणि काम झालं की जात. सहज म्हणून कुणी येऊन बसत नसे. फादरांच्या घरी उगाच कसं बसायचं, असं त्यांना वाटे.

स्वयंपाकाला गोजरबाई यायच्या. चर्चमागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहणारी ही विधवा बाई. पोरगी लग्न होऊन अकोल्याला गेलेली. सकाळी येऊन त्या दोन्ही वेळचं रांधायच्या, संध्याकाळची भाकरी फडक्यात बांधून ठेवायच्या आणि घरी जायच्या. जेवणाच्या टेबलाभोवती पाहुण्यांसाठी आठ खुर्च्या होत्या. त्या आठ खुर्च्यांपुढं एकट्यानं बसायला पास्कलांना बरं वाटत नसे. ते ओट्यापाशी उभ्यानंच जेवून घेत.

पौष सरत आला असताना त्यांना गावाकडून फोन आला. जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या पुढं त्यांचं गाव. तिथं त्यांची आई चांगुणाबाई एकटीच राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, धाकटी बहीण कावीळ होऊन लग्नाआधीच गेलेली. शेजारी सांगत होता, "फादर, बुढी हापशावर घसरून पडली. उठता येईना."

खुब्याचं हाड मोडलं होतं. जालन्याला ऑपरेशन झालं. पास्कल दवाखान्यात राहिले, व्हरांड्यात झोपले. डॉक्टर तरुण होते. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी सगळं नीट समजावलं आणि मग विचारलं, "हे सगळं करणार कोण? सूनबाई कुठं आहेत?"

"सून नाही," पास्कल म्हणाले. "मी एकटाच आहे."

"मग बाई लावा, नाहीतर एखादा वृद्धाश्रम बघा. यांना एकटं ठेवून चालायचं नाही."

सिस्टरांचा एक वृद्धाश्रम पास्कलांना माहीत होता. चांगला होता, स्वच्छ होता. त्यांनी आईला तो सुचवून बघितला. चांगुणाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या आणि म्हणाल्या, "तुला सोयीचं असंल तिथं टाक मला." त्या रडल्या असत्या, भांडल्या असत्या तर पास्कलांना सोपं गेलं असतं.

आईला चार दिवस शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून ते बिशपस्वामींना भेटायला गेले. वाटेत बसमध्ये त्यांनी बोलायचं सगळं मनात जुळवलं होतं. समोर बसल्यावर ते एका वाक्यातच संपलं. "आईला माझ्याकडं ठेवू का?"

बिशपस्वामींनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माझी आई गेली तेव्हा मी परदेशात शिकत होतो," ते म्हणाले. "मला कळलं तेव्हा तिची मातीसुद्धा झाली होती." मग खुर्चीत सावरून बसत म्हणाले, "पास्कल, नियमात नाही म्हटलेलं नाही. पण ते घर माझं नाही आणि तुझंही नाही. तिथल्या लोकांचं आहे. त्यांना विचार."

माणसांपुढं उभं राहून बोलण्यात पास्कलांचं आयुष्य गेलेलं. पण त्या रविवारी मिस्सा संपल्यावर स्वतःसाठी मागताना ते दोनदा अडखळले. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग रंगराव उठले. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, चर्चच्या कारभारात लक्ष घालणारे, स्पष्ट बोलणारे गृहस्थ.

"फादर, राग नोका मानू," ते म्हणाले. "तुमच्या मांगच्या फादरचा भाऊ चार दिवसांसाठी म्हणून आला होता. बायको-पोरं आली, मंग मेव्हना आला. आमाले आमच्याच मिशनच्या घरात जायची चोरी झाली होती. म्हणून विचारतो. मायमांगं अजून कोनी हाये का?"

"कोणीच नाही," पास्कल म्हणाले.

"मंग आना ना बापा मायले," रंगराव म्हणाले आणि खाली बसले. "मायले काऊन विचारा लागते?"

लोक हसले, वातावरण सैल झालं. फक्त गोजरबाई हसल्या नाहीत. फादरांच्या घरात आता बाईमाणूस येणार म्हटल्यावर आपलं काय होणार, याच्याच विचारात त्या होत्या.

चांगुणाबाई आल्या त्या एका जीपच्या मागच्या बाकावर आडव्या होऊन. बिशपस्वामी भेटीला आले की ज्या खोलीत उतरत, ती खोली त्यांच्यासाठी उघडली. पलंगाखाली विटा ठेवून तो उंच केला. चिखलीहून कमोडची खुर्ची आणि चालायचा वॉकर आणला. एवढी तयारी झाली खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीची वेळ आली आणि माय-लेक दोघंही अवघडले. पास्कलांनी कितीतरी आजाऱ्यांच्या कपाळाला तेल लावलं होतं, मेलेल्यांचे डोळे मिटवले होते. पण स्वतःच्या आईच्या अंगावर पाणी घालायचं म्हटल्यावर त्यांचे हात उचलेनात. चांगुणाबाई लुगड्याचा पदर गच्च धरून बसल्या होत्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आज नाही केली आंघोळ तर काय मरत नाही म्या."

गोजरबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या आत आल्या आणि पास्कलांच्या हातातला तांब्या घेतला. "फादर, तुमी जा तिकडं. मिस्सेची घंटा झाली."

पास्कल बाहेर गेले. चर्चमध्ये वेदीपाशी उभे असताना त्यांना मागच्या घरातून पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि मग दोन बायकांची बाचाबाची. पाणी लय ऊन आहे, नाही तसंच पाहिजे, हाड शेकते.

तिथून पुढं या दोघींची बाचाबाची रोजचीच झाली. वॉकर धरून चांगुणाबाई स्वयंपाकघरापर्यंत यायला लागल्यावर तर ती चांगलीच रंगली. त्यांना आमटीत येसराचा मसाला हवा, आणि कोथळखेडच्या चुलीला तो ठाऊक नव्हता. गोजरबाईंनी कढीगोळे, म्हणजे कढीत शिजवलेले डाळीचे गोळे, केले की चांगुणाबाई म्हणायच्या, "गोळं फोडायला दगूड आणू का?" गोजरबाई म्हणायच्या, "माय, आजवर फादर गुमान खात होते. तुमी आल्या अन् माह्या हातची चव गेली." रुसवा कधी एक दिवस टिके, कधी दोन. मग एके दुपारी पास्कल घरी आले तर दोघी चुलीपुढं बसून येसराचे गहू-बाजरी-धने भाजत होत्या. चांगुणाबाई खुर्चीवर बसून सांगत होत्या आणि गोजरबाई खाली बसून परतत होत्या. घरभर खमंग वास सुटला होता. पास्कलांना कुणी आत या म्हटलं नाही.

घराला वर्दळ लागली ती तेव्हापासून. फादरांकडं उगाच कसं जायचं म्हणणारे लोक फादरच्या मायकडं मात्र बिनदिक्कत यायला लागले. शेजारच्या अंगणवाडीतल्या सिंधूताई रोज संध्याकाळी घरी जाताना डोकावायच्या. त्या बौद्ध घरातल्या. चर्चमध्ये कधी आलेल्या नव्हत्या. पण चांगुणाबाईंच्या पायाचा व्यायाम करून घ्यायचं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. "दहा वेळा पाय उचला, मग चहा," असा त्यांचा शिरस्ता होता. चांगुणाबाई लबाडी करून आकडे गाळायच्या आणि सिंधूताई पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या.

लोकांपुढं चांगुणाबाई लेकाला फादर म्हणत नसत. "पास्कल, पायपुसणं ओलं केलंस," असं त्या पाच माणसांसमोर म्हणायच्या. पहिल्यांदा लोक चपापले, मग त्यांना त्याची मजा वाटायला लागली. एका रविवारी दारात उभं राहून सगळ्यांना निरोप देताना पास्कलांनी आईला विचारलं, "प्रवचन कसं झालं?"

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण संपलं होतं तरी तू बोलत होतास."

रंगराव हसता हसता बाकावर बसले. पुढच्या रविवारपासून प्रवचन लहान झालं, आणि ते कुणामुळं झालं हे सगळ्या कोथळखेडला ठाऊक होतं.

चैत्रातल्या एका दुपारी वीज गेली होती. पत्रा तापला होता आणि माय-लेक बाहेर निंबाच्या सावलीत बसले होते. पास्कल आईला पेपरच्या घडीनं वारा घालत होते. कुठल्या तरी पोराच्या सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, जाण्याचा विषय निघाला होता. त्याच्या घरचे लोक नको म्हणत होते.

"तुम्ही दोघांनी मात्र मला अडवलं नाही," पास्कल म्हणाले. "बाबा खूश होते. तूही खूश होतीस."

चांगुणाबाईंनी लेकाकडं बघितलं. "तुहे बाबा खूश होते. फादर खूश होते. सगळ्या गावानं तुला एसटीत बसवलं. मला कोणी विचारलंच नाही रे."

पास्कलांचा हात थांबला. "मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? देवाला लेकरू देताना कुरकुर केली तर पाप लागंल, असं वाटायचं. तू गेलास अन् म्या घरात येऊन तुही वाकळ घडी करून ठिवली. लय दिवस तिला हात लावला नाही." मग त्या म्हणाल्या, "आता वाईट वाटत नाही. पण तवा वाटलं होतं. एवढंच."

लोकांना समजावण्याचे शब्द पास्कलांकडं पुष्कळ होते, पण त्यातला एकही त्यांना इथं वापरावासा वाटला नाही. त्यांनी पुन्हा वारा घालायला सुरुवात केली.

वर्ष निघून गेलं. चांगुणाबाई काठीवर चर्चपर्यंत जायला लागल्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात पास्कलांची बदली झाली.

बदली कधीतरी होणारच होती. धर्मप्रांताच्या फादरांना पाच-सहा वर्षांत गाठोडं बांधावंच लागतं. पण ही बदली मेळघाटात होती. तिथले फादर आजारी पडून खाली आले होते आणि डोंगरातल्या कोरकू पाड्यांवर जाणारं कुणी उरलं नव्हतं. पावसाळ्यात रस्ता तुटतो, फोन लागतो तर लागतो. दवाखाना म्हणजे जीपनं अर्धा दिवस. बिशपस्वामींनी फोनवर सांगितलं, "आईचं मला माहीत आहे. तुला शक्य नसेल तर तसं सांग, मी दुसरं कुणी बघतो. पण दुसरं कुणी माझ्याकडं नाही, हेही तुला सांगून ठेवतो."

पास्कलांनी दोन दिवस हाच हिशेब मांडला. आईला त्या डोंगरात नेणं शक्य नव्हतं. इथं ठेवावं तर नवे फादर येणार, घर त्यांचं होणार. बिशपांना नाही म्हणावं असं एकदा त्यांच्या मनानं घेतलं. फोनही हातात घेतला. मग त्यांनी तो ठेवून दिला, आईच्या खोलीत गेले आणि पलंगापाशी खुर्ची ओढली.

"आई, माझी बदली होतेय. मेळघाटात." त्यांनी सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. "मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला काय वाटतं?"

चांगुणाबाई ऐकून घेत होत्या. "तिकडच्या लोकांकडं कोणी जात नाही का?"

"सध्या नाही."

"मेलेलं माणूस तसंच मातीत घालतात? प्रार्थनेबिगर?"

"त्यांच्यातला प्रार्थना शिकवणारा मास्तर करतो थोडीफार."

"तू जा," त्या म्हणाल्या. "पर म्या काही त्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात जाणार नाही. आधीच सांगते. तवा तुला बोलले नव्हते, आता बोलते."

"मग कुठं राहशील?"

"ते म्या बघते."

त्यांनी बघितलं होतं की नाही, कोण जाणे. पण बदलीची बातमी गावात पसरली त्याच संध्याकाळी गोजरबाई आल्या. त्या रोज सकाळी येणाऱ्या. संध्याकाळी कधी येत नसत. पदर खोचून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"फादर, एक बोलू का? तुमाले जा लागते तर तुमी जा. मायले नोका नेऊ. माह्याकडं दोन खोल्या हायेत. एक मोकळीच राह्यते. पोरगी वर्षातून एकडाव येते, ते काय, माह्या खोलीतबी झोपते."

"गोजरबाई, तुम्हाला किती त्रास होईल. रात्रीबेरात्री उठावं लागतं तिच्यासाठी."

"मी एकटी झोपतो तं मले झोप कुठं येऊन राह्यली? बोलाले कोनी असन तर बरंच हाये." मग आतल्या खोलीकडं बघत त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या, "अन् भांडाले."

आतून चांगुणाबाईंचा आवाज आला. "कढीगोळे मात्र म्या सांगीन तसंच करायचे."

पास्कल भिंतीला टेकून उभे राहिले. हसावं की काय करावं त्यांना कळेना. ते खिडकीकडं वळले आणि चष्मा पुसायला लागले. गोजरबाईंनी ते बघितलं आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या आठवड्यात रंगराव एक गवंडी घेऊन गोजरबाईंच्या दारी आले. उंबऱ्यापुढच्या दोन उंच पायऱ्या काढून तिथं उतार केला, मोरीत धरायला लोखंडी दांडा बसवला. सिंधूताईंनी आपली संध्याकाळची वाट एक गल्ली बदलली. सामान हलवायच्या दिवशी चांगुणाबाई काठी टेकत स्वतः चालत गेल्या. पास्कल वॉकर हातात धरून मागून येत होते. कोपऱ्यावर त्यांनी आईला आधार द्यायला हात पुढं केला, तर त्या म्हणाल्या, "मागंच राहा. मला येतं."

निरोपाच्या मिस्सेत पास्कल थोडंच बोलले. डोंगरातून सोमवारी उतरता येईल तेव्हा येईन, एवढं सांगितलं. सोमवार हा फादरांचा सुटीचा वार. लोक रडले, त्यांनी हार घातले, आणि मग रंगरावांनी आपल्या नातवाच्या गाडीत पेटी चढवली.

मेळघाटातला पहिला पावसाळा कठीण गेला. घर गळत होतं. पास्कलांना कोरकू बोली येत नव्हती, लोक लांबून बघत आणि लांबूनच जात. रात्री पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की कोथळखेडची आठवण यायची. पण या खेपेला ते गप्प बसून राहिले नाहीत. माय आल्यावर कोथळखेडच्या घराला वर्दळ कशी लागली, ते त्यांनी बघितलं होतं. ते पाड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन, काम नसताना, नुसतेच बसायला लागले. बसल्या बसल्या शब्द शिकले. म्हाताऱ्या त्यांच्या उच्चारांना हसायच्या. श्रावण सरता सरता त्या हसतहसत फादरांच्या घराकडं यायला लागल्या, आणि येताना सावा-कुटकी या डोंगरातल्या बारीक धान्यांचा भात आणायला लागल्या. नव्या फादरांकडून कोथळखेडची खबर मिळायची. ते तरुण होते. फोनवर एकदा म्हणाले, "तुमच्या आईंनी मला प्रवचनाचा वेळ ठरवून दिलाय."

रस्ता मोकळा झाल्यावर दिवाळीच्या आसपासच्या एका सोमवारी पास्कल न सांगताच खाली उतरले. दोन बस आणि एक टमटम बदलून दुपारी कोथळखेडला पोचले. गोजरबाईंच्या दाराला कुलूप होतं. त्यांनी ते दोनदा ओढून बघितलं. शेजारच्या बाईनं भिंतीवरून डोकं काढलं.

"फादर? तुमची माय तं गोजरबाईसंगं अमडापूरच्या बाजारात गेली. लुगडं घ्याचं हाये म्हने. बसा ना, पानी देऊ का?"

पास्कल उतारावर बसले. बसल्या जागी त्यांना हसू येत होतं. खांद्यावरच्या पिशवीत डोंगरातला मध आणि आवळे होते. ऊन पायांवर आलं, मग गुडघ्यांवर चढलं. बऱ्याच वेळानं गल्लीच्या तोंडाशी टमटम थांबली. आधी गोजरबाई उतरल्या, मग काठी आली आणि काठीमागून चांगुणाबाई. नवं लुगडं त्यांनी काखेत धरलं होतं. लेकाला बघून त्या थांबल्या.

"कवा आलास? सांगून यायचं ना. आम्ही बाजारात होतो."

"कळलं मला."

"जेवलास?"

"नाही."

"मग ही पिशवी धर. भेंडी आणलीय. गोजर, चूल पेटव." त्या उतारावरून चढायला लागल्या. मध्येच त्यांनी एक हात लेकाच्या खांद्यावर ठेवला, आणि दारात जाईपर्यंत काढला नाही.